लॅन्थॅनम क्युप्रेट गणितात धातू का निघतो, आणि ते गणित तरीही का ठेवावे

ठाण्यात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तिने प्रकल्पासाठी लॅन्थॅनम क्युप्रेटाची, म्हणजे दोन लॅन्थॅनम, एक तांबे आणि चार ऑक्सिजन असे अणू असलेल्या संयुगाची, बँड रचना, म्हणजे इलेक्ट्रॉनांना कोणत्या ऊर्जा घेता येतात याचा नकाशा, डीएफटी (घनता-फलन सिद्धांत, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून गणित करण्याच्या) पद्धतीने काढली. उत्तर आले धातूचे. प्रत्यक्षात हा पदार्थ पक्का निरोधक आहे. मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून तिने संवेग-बिंदूंची जाळी दाट केली, ऊर्जेची कटऑफ मर्यादा वाढवली, स्यूडोपोटेन्शियल बदलून पाहिले, तरीही धातूच. चूक नेमकी कुठे आहे, आणि असे गणित हाताशी धरून प्रयोगांशी तुलना करण्यात काही अर्थ आहे का, असे तिने विचारले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, कारण याच कोड्यात विद्यार्थ्यांचे महिनेच्या महिने गेलेले मी पाहिले आहेत. तुमच्या इनपुट फाइलमध्ये बहुधा काहीही चुकलेले नाही. साध्या डीएफटीने या पदार्थाचे उत्तर धातू असेच यायला हवे. बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी १९८६ मध्ये लॅन्थॅनम-बेरियम-तांबे-ऑक्सिजनच्या संयुगात ३० केल्विनच्या पुढची अतिसंवाहकता दाखवली, आणि त्यानंतर १९८७ मध्ये ज्यांनी ही गणिते पहिल्यांदा केली त्यांनाही हेच उत्तर मिळाले होते. मी गेली वीसेक वर्षे या पदार्थांवर कोनानुसार प्रकाशउत्सर्जन मोजण्याचे (प्रकाशाने बाहेर काढलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आणि कोन टिपण्याचे), ज्याला आम्ही सगळे आर्पेस म्हणतो त्याचे, काम करते. या काळात माझे मत असे झाले आहे की हे धातूचे उत्तर नेमके कुठे खोटे पडते आणि कुठे खरे उतरते, एवढे ज्याला नीट सांगता येते त्याला क्युप्रेटांच्या, म्हणजे तांबे-ऑक्सिजनचे थर असलेल्या संयुगांच्या, इलेक्ट्रॉनीय रचनेचा निम्मा विषय समजला.

आता संगणक बाजूला ठेवा आणि कागदावर इलेक्ट्रॉन मोजा. लॅन्थॅनमचा आयन धन तीन, ऑक्सिजनचा ऋण दोन. दोन लॅन्थॅनमचे मिळून धन सहा, चार ऑक्सिजनचे मिळून ऋण आठ, म्हणून तांब्याच्या वाट्याला धन दोन येते आणि त्याच्या थ्री-डी कवचात नऊ इलेक्ट्रॉन राहतात. तांब्याभोवतीचा ऑक्सिजनचा अष्टफलक उभा ताणलेला आहे: प्रतलातले चार ऑक्सिजन साधारण १.९ अँगस्ट्रॉमवर, तर वरचा आणि खालचा सुमारे २.४ अँगस्ट्रॉमवर. त्यामुळे पाच कक्षकांपैकी ज्याच्या पाकळ्या थेट प्रतलातल्या ऑक्सिजनांकडे वळलेल्या असतात, तो एक्स-वर्ग-उणे-वाय-वर्ग कक्षक ऊर्जेने सर्वांत वर ढकलला जातो आणि त्यात एकच इलेक्ट्रॉन उरतो. पेशीतील इलेक्ट्रॉनांची संख्या विषम, म्हणून सर्वांत वरचा बँड अर्धा भरलेला, आणि अर्धा भरलेला बँड म्हणजे धातू. बँड सिद्धांताला इथे दुसरे काही म्हणताच येत नाही. जाळी कितीही दाट केली तरी विषम संख्या सम होणार नाही.

चूक आहे ती इलेक्ट्रॉन एकमेकांना फक्त सरासरीने ओळखतात या गृहीतात. नौपाड्यातली एखादी जुनी चाळ डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक खोलीत एकच भाडेकरू आहे आणि दुसऱ्याला ठेवून घेण्याची सोय कोणाकडेच नाही. बिऱ्हाड हलवायचे तर शेजारची खोली रिकामी हवी. सगळ्या भरलेल्या असताना प्रत्येक जण जागच्या जागी अडकतो. तांब्याच्या एकाच कक्षकात दुसरा इलेक्ट्रॉन बसवायला लागणारी किंमत, जिला आपण हबर्डचा यू म्हणतो, साधारण ८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. बँड सिद्धांताच्या हिशेबात ही किंमत सगळ्या चाळीवर सारखी वाटून टाकलेली असते, त्यामुळे कोणालाच ती जाणवत नाही आणि सगळे मोकळे फिरतात.

मात्र क्युप्रेटांत एवढ्यावर थांबून चालत नाही. प्रत्यक्ष मोजलेली ऊर्जाफट ८ नसून सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, कारण तांब्याकडून तांब्याकडे इलेक्ट्रॉन नेण्यापेक्षा ऑक्सिजनकडून तांब्याकडे नेणे बरेच स्वस्त पडते. झानेन, सावात्स्की आणि ॲलन यांनी १९८५ मध्ये, म्हणजे उच्च तापमानाच्या अतिसंवाहकांचा शोध लागण्याच्या आधीच, अशा पदार्थांना प्रभार-स्थानांतर निरोधक असे वेगळे नाव दिले होते. याचा परिणाम पुढे मोठा होतो. डोपिंग करून, म्हणजे परक्या अणूंची थोडी भर घालून, आपण जो होल, म्हणजे इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा, घालतो तो मुख्यतः ऑक्सिजनवर जाऊन बसतो आणि मधल्या तांब्याच्या स्पिनशी जोडी जमवतो. १९८८ मध्ये झांग आणि राइस यांनी दाखवले की ही जोडी एकसंध कणासारखी प्रतलभर फिरू शकते. एक बँड पुरे की तांबे-ऑक्सिजनचे तीन बँड हवेत, हा वाद तिथूनच सुरू होतो. माझ्या अनुभवात फर्मी पातळीपासून (भरलेल्या स्थितींच्या वरच्या सीमेपासून) काही दशांश इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत एका बँडवर निभावते. त्याखाली उतरलात की ऑक्सिजनला विसरणे महागात पडते.

ऊर्जाफट आणि चुंबकत्व यांची गल्लत करू नका, असे मी आवर्जून सांगते. डोपिंग न केलेला लॅन्थॅनम क्युप्रेट प्रतिलोहचुंबकीय आहे: शेजारशेजारच्या तांब्यांचे स्पिन एकमेकांच्या उलट. त्यामुळे पेशी दुप्पट होते, इलेक्ट्रॉनांची संख्या सम होते, बँड दुमडतो आणि फट पडते; मग हे साधे बँड निरोधकच झाले, असा युक्तिवाद कोणीही करील. या युक्तिवादाला तापमानाने उत्तर मिळते. स्पिनांची ही मांडणी सुमारे ३२५ केल्विनला, म्हणजे ५२ अंश सेल्सिअसला, विस्कटते. ठाण्यातल्या मे महिन्याच्या दुपारपेक्षा हे थोडेच वरचे तापमान आहे. फट चुंबकीय मांडणीमुळेच असती तर त्यापुढे पदार्थ धातू व्हायला हवा होता. तो होत नाही. प्रकाशाच्या शोषणात ती फट पुढेही दिसत राहते. फटीचे कारण वर सांगितलेली किंमत आहे, आणि चुंबकत्व हा त्याच किमतीचा पुढचा परिणाम आहे.

म्हणूनच प्लस यू लावून, म्हणजे डीएफटीत यूची किंमत वेगळी घालून, काढलेल्या उत्तराने पूर्ण समाधान मानू नये. तुम्ही पेशी दुप्पट करून, स्पिन उलटसुलट मांडून, तांब्याच्या डी कक्षकांवर यू घातलात तर फट नक्की उघडेल, आणि यूचा आकडा थोडा मागेपुढे करून ती २ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आणताही येईल. पण तो आकडा आपण हाताने घातलेला असतो, आणि फट टिकवायला चुंबकीय मांडणीचा आधार लागतो. २०१८ मध्ये स्कॅन नावाच्या डीएफटीच्या सुधारित फलनाने (सूत्राने) यूचा आकडा न घालताही प्रतिलोहचुंबकीय निरोधक स्थिती मिळवून दाखवली. ही महत्त्वाची पायरी आहे, आणि तुमच्या प्रणालीत ते फलन असेल तर अवश्य करून पाहा. मांडणी विस्कटल्यावर काय, हा प्रश्न मात्र तिथेही उरतोच. त्याला हात घालायचा तर डायनॅमिकल मीन-फील्ड सिद्धांताकडे वळावे लागते, जिथे इलेक्ट्रॉनाची स्व-ऊर्जा (इतर इलेक्ट्रॉनांमुळे त्याच्या ऊर्जेत पडणारा फरक) वारंवारतेनुसार बदलते. एम.एस्सी.च्या प्रकल्पात ते करायला जाऊ नका. ते काय करते एवढे समजून घ्या.

मग धातूचे उत्तर ठेवायचे कशाला? कारण डोपिंग वाढवत नेले की पदार्थ त्या उत्तराकडे येऊ लागतो. प्रत्येक तांब्यामागे ०.०२ होल एवढ्याने दूरवरची चुंबकीय मांडणी मोडते, ०.०५ च्या आसपास अतिसंवाहकता सुरू होते, ०.१६ ला ती शिखरावर असते आणि ०.२७ च्या सुमारास संपते. या जास्त डोपिंगच्या टोकाला आर्पेसमध्ये जे फर्मी पृष्ठ (संवेगांच्या नकाशात भरलेल्या आणि रिकाम्या स्थितींमधली सीमा) दिसते त्याचा आकार तुमच्या धातूच्या गणितातल्या पृष्ठाशी जुळतो. बँडची रुंदी जुळत नाही. मोजलेला बँड गणितातल्यापेक्षा दोन ते तीन पटींनी अरुंद असतो. आकार जुळतो, कारण तो तांबे-ऑक्सिजनच्या चौकटीच्या भूमितीतून येतो, आणि भूमिती गणिताने बरोबर पकडलेली असते.

ही भूमिती एकदा तरी हाताने मांडा. चौरस जाळीवर शेजाऱ्याकडे उडी मारण्याचा गुणक टी, कर्णावरच्या शेजाऱ्याकडे जाण्याचा टी-प्राइम. डीएफटीतून टी साधारण ०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतो, म्हणजे बँडची रुंदी आठ टी, सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. टी-प्राइमचे चिन्ह उलटे आणि मान लहान. लॅन्थॅनमच्या कुळात टीच्या साधारण ०.१ ते ०.१५ पट, तर बिस्मथ, थॅलियम, यिट्रियमच्या कुळांत ०.३ च्या आसपास. एवढ्याशा आकड्याने फर्मी पृष्ठ चौकोनी राहते की कोपऱ्याभोवती वळते, हे ठरते. २००१ मध्ये पावारिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या कुळात हे गुणोत्तर मोठे, त्या कुळाचे कमाल संक्रमण तापमानही साधारणपणे मोठे असते. ज्या डीएफटीला आपण नापास ठरवायला निघालो होतो, तिनेच हे दाखवून दिले आहे. संबंध का आहे यावर मतभेद आहेत, पण आजही क्युप्रेटांच्या कुळांची तुलना करताना मी पहिल्यांदा हाच आकडा पाहते.

आता प्रयोगाकडे येते. या पदार्थांची थरांची रचनाच आर्पेसला उपकारक ठरली आहे. प्रकाशाचा कण इलेक्ट्रॉनाला बाहेर काढतो तेव्हा पृष्ठभागाला समांतर असलेला संवेग टिकतो. पृष्ठभागाला लंब असलेला टिकत नाही, कारण पृष्ठभाग ओलांडताना त्याला धक्का बसतो. त्रिमितीय धातूत या हरवलेल्या घटकाने फार त्रास होतो. क्युप्रेटांत इलेक्ट्रॉन तांबे-ऑक्सिजनच्या प्रतलात फिरतात आणि थरांमधून वरखाली जवळजवळ जात नाहीत. बिस्मथच्या क्युप्रेटात उभा विरोध आडव्याच्या हजारो पटींनी जास्त असतो. म्हणून जो घटक हरवतो त्याची फारशी गरजच पडत नाही.

हे आकड्यांत पाहा, म्हणजे यंत्र काय करते ते डोळ्यांपुढे येईल. हीलियमच्या दिव्याचा प्रकाश २१.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. पृष्ठभाग ओलांडण्याची किंमत ४.५ वजा केली तर फर्मी पातळीवरचा इलेक्ट्रॉन १६.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट गतिज ऊर्जेने बाहेर पडतो. समांतर संवेग काढायला या ऊर्जेच्या वर्गमुळाला ०.५१२ ने आणि कोनाच्या साइनने गुणायचे. उत्तर व्यस्त अँगस्ट्रॉममध्ये मिळते. वर्गमूळ ४.०९, म्हणून गुणक २.०९. तांब्यापासून तांब्याचे अंतर ३.८३ अँगस्ट्रॉम धरले तर ब्रिलुआँ क्षेत्राच्या, म्हणजे संवेगांच्या मूळ चौकोनाच्या, बाजूचा मध्यबिंदू ०.८२ वर येतो, म्हणजे विश्लेषक सुमारे २३ अंश वळवावा लागतो. कर्णाच्या दिशेतला फर्मी बिंदू साधारण ०.४५ वर, म्हणजे १२.५ अंशांवर. आता दिव्याऐवजी ६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा लेसर घ्या. गतिज ऊर्जा उरते जेमतेम दीड, आणि ९० अंशांवरही संवेग ०.६३ च्या पुढे जात नाही. लेसरचे आलेख विलक्षण रेखीव असतात, पण बाजूचा मध्यबिंदू, जिथे अतिसंवाहकतेची फट सर्वांत मोठी असते, तो त्या लेसरच्या आवाक्यातच नाही. एखाद्या शोधनिबंधात फक्त कर्णाजवळची माहिती का आहे, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

नमुन्यांपैकी बिस्मथ-२२१२ (बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि तांबे यांचे प्रमाण २:२:१:२) हा आमचा हक्काचा पदार्थ आहे. त्याचे थर इमारतीच्या मजल्यांसारखे मांडलेले आहेत: बिस्मथ-ऑक्सिजन, स्ट्रॉन्शियम-ऑक्सिजन, तांबे-ऑक्सिजन, कॅल्शियम, पुन्हा तांबे-ऑक्सिजन, स्ट्रॉन्शियम-ऑक्सिजन, बिस्मथ-ऑक्सिजन. असा एक संच सुमारे १५.४ अँगस्ट्रॉम उंचीचा. त्यावर दुसरा संच ठेवला जातो तेव्हा बिस्मथचे दोन थर समोरासमोर येतात आणि त्यांच्यातला बंध इतका दुबळा असतो की स्फटिक नेमका तिथेच उकलतो. उकललेल्या दोन्ही बाजू सारख्याच, त्यामुळे पृष्ठभागावर जादा प्रभार साचत नाही. १७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचा इलेक्ट्रॉन फक्त पाच-दहा अँगस्ट्रॉम खोलीवरूनच ठोकर न खाता बाहेर येतो, म्हणून पृष्ठभाग असा शुद्ध असणे ही चैन नसून गरज आहे.

उकलण्याची रीत सांगते. एक-दोन मिलिमीटरचा काळा चकचकीत स्फटिक तांब्याच्या ठोकळ्यावर चांदीच्या वाहक इपॉक्सीने चिकटवायचा, त्याच्या डोक्यावर सिरॅमिकची छोटी दांडी तशीच चिकटवायची, भट्टीत इपॉक्सी पक्की करायची आणि सगळे निर्वात कक्षात न्यायचे. निर्वात १० चा उणे ११ वा घात मिलिबार इतकी पोचली आणि नमुना थंड झाला की आतल्या सळईने त्या दांडीला बाजूने टिचकी द्यायची. दांडी पडते, तिच्याबरोबर वरचे थर जातात आणि खाली आरशासारखा पृष्ठभाग उरतो. माझ्या पहिल्या फेरीत परदेशातल्या एका सिंक्रोट्रॉनवर (प्रवेगकातून मिळणाऱ्या तीव्र प्रकाशाच्या केंद्रावर) मी इपॉक्सी जरा जास्त लावली; ती स्फटिकाच्या कडेवरून खाली उतरली आणि टिचकीबरोबर अख्खा स्फटिक दांडीसह कक्षाच्या तळाशी गेला. वर्षभर वाट पाहून मिळालेल्या वेळातले दोन दिवस त्यात गेले. तेव्हापासून मी इपॉक्सी सुईच्या टोकाने लावते आणि विद्यार्थ्यांनाही तशीच लावायला लावते.

बिस्मथ-२२१२ मध्ये एक मोठा सापळा आहे. बिस्मथचे थर खालच्या थरांशी मापाने जुळत नाहीत, म्हणून ते एका दिशेने लहरीसारखे वाकतात. लहरीची लांबी साधारण २६ अँगस्ट्रॉम. बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन या लहरींवरून विवर्तित होतो आणि आलेखात मूळ बँडच्या शेजारी त्याच्या फिक्या प्रतिकृती उमटतात. बाजूच्या मध्यबिंदूजवळ या प्रतिकृती मूळ बँडमध्ये अशा मिसळतात की कोणता खरा हे ओळखणे अवघड होते. त्यात भर म्हणजे पेशीत तांब्याचे दोन थर असल्यामुळे बँड दोन होतात, आणि कोणता बँड किती उजळ दिसेल हे प्रकाशाच्या ऊर्जेवर आणि ध्रुवीकरणावर ठरते. १९९९ च्या सुमारास फर्मी पृष्ठ कोपऱ्याभोवती आहे की केंद्राभोवती, यावर मोठा वाद झाला, कारण वेगवेगळ्या ऊर्जेच्या प्रकाशात वेगवेगळे चित्र दिसत होते. २००१ मध्ये दोन बँड स्पष्टपणे वेगळे दिसले तेव्हा त्यातला बराच गुंता सुटला. शिसे घातलेल्या नमुन्यांत लहरी मावळतात, म्हणून आज शक्य तिथे आम्ही तेच वापरतो. तुम्ही प्रकाशित आलेखाशी तुलना कराल तेव्हा प्रकाशाची ऊर्जा, ध्रुवीकरण आणि शिसे आहे की नाही, या तीन गोष्टी आधी वाचा.

यिट्रियमच्या क्युप्रेटाची, म्हणजे १९८७ मध्ये ९३ केल्विनपर्यंत गेलेल्या आणि द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला मागे टाकणाऱ्या पदार्थाची, गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याला असा तटस्थ उकलण्याचा थर नाही. उकललेला पृष्ठभाग प्रभारित राहतो आणि त्यातले डोपिंग आतल्यापेक्षा बरेच जास्त होऊन बसते, त्यामुळे आर्पेस जे पाहते ते आतल्या पदार्थाचे नसते. हवाही त्याला सोसत नाही. शाळांत चुंबक तरंगवून दाखवायला मी नेरूळच्या घरी त्याची एक वडी ठेवते. एका जुलैत डब्यातली सिलिका जेल निळ्याची गुलाबी झाली तरी माझ्या लक्षात आले नाही. पंधरवड्यात वडीवर पांढुरकी साय आली आणि चुंबक काही केल्या उचलेना. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे नमुने डेसिकेटरबाहेर ठेवूच नयेत.

पण हाच पदार्थ आतून इतका शुद्ध असतो की त्यात २००७ मध्ये तीव्र चुंबकीय क्षेत्रात क्वांटम आंदोलने, म्हणजे क्षेत्र बदलताना विद्युतरोधात होणारे नियमित चढउतार, दिसली. अल्प डोपिंगच्या नमुन्यात वारंवारता आली सुमारे ५३० टेस्ला. तिला ०.००००९५५ ने गुणले की कक्षेचे क्षेत्रफळ ०.०५ वर्ग व्यस्त अँगस्ट्रॉम मिळते. संपूर्ण ब्रिलुआँ क्षेत्र २.६६ आहे, म्हणजे कक्षा जेमतेम दोन टक्क्यांची. उलट, अति-डोपिंगच्या थॅलियम क्युप्रेटात २००८ मध्ये मिळालेली १८ हजार टेस्लाची वारंवारता क्षेत्राच्या ६५ टक्के भरते. स्पिनचे दोन धरून ते १.३ होल होतात, म्हणजे एक अधिक डोपिंगचे ०.३, तुमच्या धातूच्या गणिताने सांगितले असते तेवढेच. एकाच कुटुंबात एका टोकाला पूर्ण पृष्ठ आणि दुसरीकडे चिमुकला तुकडा, हे आजही या विषयाचे मर्म आहे. लहान कक्षेचा संबंध बहुतेक जण प्रभाराच्या लहरी मांडणीशी जोडतात, जी यिट्रियमच्या क्युप्रेटात २०१२ मध्ये क्ष-किरणांनी थेट दिसली.

आर्पेसला मात्र अल्प डोपिंगच्या बिस्मथ-२२१२ मध्ये बंद कक्षा दिसत नाही. १९९६ मध्ये दिसले की संक्रमण तापमानाच्या वरही बाजूच्या मध्यबिंदूपाशी फट शिल्लक राहते; हिला छद्मफट म्हणतात. १९९८ मध्ये त्याचे पुढचे रूप दिसले: फर्मी पृष्ठाचा कर्णाजवळचा भाग उरतो आणि दोन्ही टोके हवेत संपतात; या तुकड्याला फर्मी कमान म्हणतात. धातूचे फर्मी पृष्ठ असे अर्धवट सुटू शकत नाही. कमान ही खरोखर कमान आहे, की बंद कक्षेची मागची बाजू आपल्याला दिसण्याइतकी उजळ नाही, हे अजून निर्विवाद ठरलेले नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. इथे एक सावधगिरी मात्र कायम बाळगावी लागते: आंदोलने एका पदार्थात सर्वांत चांगली दिसतात आणि आर्पेस दुसऱ्यात. दोन्ही चित्रे एकावर एक ठेवताना आपण दोन वेगळे नमुने एक मानत असतो, हे विसरून लिहिलेले निबंध मी परीक्षणात परत पाठवले आहेत.

अतिसंवाहक स्थितीतली फट तुमच्या प्रश्नाच्या बाहेरची आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १९९३ मध्ये बिस्मथ-२२१२ मध्ये आर्पेसने दाखवले की कर्णावर ही फट जवळजवळ शून्य आहे, तर बाजूच्या मध्यबिंदूकडे ती ३५ ते ४० मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत जाते. खोलीच्या तापमानाला फर्मी धार सुमारे १०० मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर पसरते, म्हणून हे मोजायला नमुना १० केल्विनपर्यंत उतरवावा लागतो आणि फर्मी पातळी शेजारी ठेवलेल्या सोन्यावरून ठरवावी लागते. आर्पेसला फटीचे मान कळते, चिन्ह कळत नाही. चिन्ह बदलते हे १९९४ मध्ये त्सुएई, कर्टली आणि सहकाऱ्यांनी तीन स्फटिकांच्या सांध्यावर अर्धा फ्लक्स क्वांटम (अतिसंवाहकातल्या चुंबकीय प्रवाहाच्या एककाचा अर्धा) पाहून दाखवले. १९८७ मध्ये अँडरसन यांच्याबरोबर रेझोनेटिंग व्हॅलन्स बाँडच्या कल्पनेवर (स्पिनांच्या सतत बदलत्या जोड्यांतून अतिसंवाहकता येते, या कल्पनेवर) काम करणाऱ्यांत आपले भौतिकशास्त्रज्ञ जी. बास्करन होते, हेही माहीत असू द्या.

तुमच्या प्रकल्पासाठी माझा सल्ला असा. डोपिंगविरहित पदार्थाच्या आर्पेसशी धातूच्या बँडची तुलना करू नका, ०.२ च्या पुढे डोपिंग असलेल्या लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियम क्युप्रेटाशी करा. फर्मी पातळी नुसती खाली सरकवून डोपिंग दाखवणे त्या टोकाला चालते, अल्प डोपिंगला चालत नाही, हे स्पष्ट लिहा. दुप्पट पेशीत गणित केलेत तर बँड दुमडलेले दिसतील. ते उलगडल्याशिवाय प्रयोगाशेजारी ठेवू नका. बँडमध्ये तांब्याच्या कक्षकाचा आणि ऑक्सिजनच्या पी कक्षकाचा वाटा रंगाने दाखवा, म्हणजे होल ऑक्सिजनवर का जातो हे चित्रातच दिसेल. जमल्यास एकदा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली आर्पेसची व्यवस्था पाहून या. निर्वात कक्षाला हात लावून उभे राहिले की कोन आणि संवेगाचे सूत्र वेगळेच समजते.

आणि धातूचा तो पहिला आलेख अहवालातून काढून टाकू नका. त्याखाली तांब्याचे नऊ इलेक्ट्रॉन मोजून दाखवा. मग बाजूच्या मध्यबिंदूपाशी तुमचा बँड फर्मी पातळीच्या किती खाली आहे तो आकडा वाचा. टी-प्राइमच्या चिन्हामुळे तो थोडा खालीच असेल. लॅन्थॅनमच्या कुळात ०.२ च्या आसपासच्या डोपिंगला तो बिंदू फर्मी पातळी ओलांडतो आणि पृष्ठ कोपऱ्याभोवती असलेले केंद्राभोवती होते, हे आर्पेसने थेट पाहिले आहे. तुमच्या गणितात तो किती डोपिंगला ओलांडतो ते काढा आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहा.